पूर ओसरला आणि साप दिसू लागले: नांदेड-लातूरमध्ये ‘नवे’ विषारी साप आले आहेत का?

ऑगस्ट 2025 मध्ये मुखेड तालुक्यातल्या गावांत पाणी शिरलं. पुढच्याच महिन्यात मराठवाड्याच्या मोठ्या भागात अतिवृष्टी झाली. गोदावरी, मांजरा आणि त्यांना मिळणाऱ्या लहान नद्यांच्या काठांवर असा पाऊस झाला की एक प्रश्न हमखास विचारला जातो: “डॉक्टर, हे साप पुरात कुठून वाहून आले? पूर्वी असले साप आपल्याकडे नव्हते.” सोबत मोबाइलवर एखादा फोटो असतो. कधी तो आफ्रिकेतल्या मांबाचा असतो, कधी नागराजाचा.

या प्रश्नाचं थोडक्यात उत्तर असं: नांदेड-लातूर भागात माणसाचा जीव घेणारे साप बाहेरून आलेले नाहीत. ते इथलेच आहेत, पिढ्यान्‌पिढ्या आपल्या शेतात राहत आले आहेत आणि त्यांच्या विषावरचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं. ही माहिती जीव वाचवणारी का आहे, आणि सर्पदंशाबाबत सरकारी पातळीवर सध्या जे बदल होत आहेत त्यातून तुमच्या घराला काय मिळायला हवं, ते या लेखात पाहू.

पुरात नेमकं काय होतं?

साप बिळं खोदत नाहीत. ते उंदरांच्या बिळात, वारुळात, दगडांच्या कपारीत, भिंतीच्या भेगांत राहतात. या जागांमध्ये पाणी शिरलं की साप उंच आणि कोरडी जागा शोधतात. आपणही तेच करतो. त्यामुळे बांध, रस्ता, गोठा, घराचा ओटा, सोयाबीनची बनीम, कडब्याची गंजी अशा ठिकाणी माणूस आणि साप एकत्र येतात. सापांची संख्या एका रात्रीत वाढलेली नसते. लपलेले साप उघड्यावर येतात, एवढंच.

दुसरं कारण सापांच्या प्रजननाचं. घोणस अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देते, आणि एका वेळी वीस-चाळीस पिल्लं होऊ शकतात. ही पिल्लं साधारण मे ते जुलै या काळात जन्मतात. नागाची आणि मण्यारीची अंडीही पावसाच्या आगेमागे फुटतात. म्हणून मृग नक्षत्रानंतर बोटाएवढे साप दिसू लागतात. पिल्लू लहान असलं तरी त्याला जन्मापासून विष असतं. “पिल्लूच होतं, काही होत नाही” असं समजून घरी थांबू नका.

आपले चार साप

आपल्या भागात जिवाला धोका असलेले प्रमुख साप चार.

नाग: फणा काढतो, त्यामुळे ओळखायला सोपा. उंदरांच्या मागे घरात, धान्याच्या खोलीत येतो. याचं विष मुख्यतः नसांवर काम करतं. पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, गिळता येत नाही, शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. चावलेली जागा सुजते आणि तिथलं मांस काळं पडू शकतं.

मण्यार: काळपट निळी, अंगावर पांढरे पट्टे. रात्रीच फिरते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावते. हिचा दंश बहुतेक वेळा दुखत नाही, सूज येत नाही, दाताची खूण शोधूनही सापडत नाही. माणूस पहाटे पोटदुखी, उलटी किंवा घसा धरल्याची तक्रार करत उठतो. घरचे अॅसिडिटी समजून सोडा-लिंबू देतात. काही तासांत पापण्या मिटायला लागतात.

घोणस: जाड, तपकिरी, पाठीवर साखळीसारख्या गोल खुणांच्या ओळी. डिवचली तर कुकरच्या शिट्टीसारखा आवाज काढते. हिचं विष रक्त गोठण्याची क्रिया बिघडवतं आणि मूत्रपिंडं निकामी करू शकतं. दंशाची जागा खूप दुखते आणि सूज वर चढत जाते.

फुरसे: हातभरापेक्षा लहान, खडकाळ माळरानावरचा साप. अंग अंगावर घासून करवतीसारखा आवाज करतो. याच्या विषानेही रक्त गोठत नाही. हिरड्यांतून, लघवीतून रक्त येऊ शकतं.

आता यांच्यासारखे दिसणारे बिनविषारी साप. कवड्या हा मण्यारीसारखा दिसतो आणि भिंतीवर पाली शोधत फिरतो. डुरक्या घोणसीसारखा दिसतो. दिवड पाण्याकाठी असतो, रागाने चावतो, पण त्याला विष नसतं. धामण पिवळसर आणि लांब असते. तिला बघून लोक नाग समजतात, आणि उंदीर खाणारा शेतकऱ्याचा हा मोठा मदतनीस काठीने मारला जातो.

नागराज हा सह्याद्रीच्या दाट, ओल्या जंगलातला साप आहे. हिरवा चापडाही घाटातलाच. मराठवाड्याच्या पठारावर त्यांचं घर नाही.

परदेशी साप येऊ शकतात का?

जगात साप परक्या ठिकाणी गेल्याची खरी उदाहरणं आहेत. प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी सामानातून एक झाडावरचा साप पोहोचला आणि त्याने तिथल्या जंगलातले बहुतेक मूळ पक्षी संपवले. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात लोकांनी पाळलेले बर्मी अजगर मोकळे झाले आणि आता तिथे त्यांनी बस्तान बसवलं आहे. हा अजगर मूळचा आशियातला, आपल्या ईशान्य भारतातही आढळणारा.

आणखी एक उदाहरण तर तुमच्या न्हाणीघरातलं आहे. गांडुळासारखा दिसणारा, काळपट, चकचकीत वाळा. तो दक्षिण आशियातला साप कुंड्यांच्या मातीतून जगभर गेला. त्याच्यात सगळ्या माद्याच असतात आणि नराशिवाय पिल्लं होतात. त्यामुळे एक वाळा पोहोचला तरी वंश सुरू होतो. त्याला विष नाही, तो मुंग्या-वाळवीची अंडी खातो. कानात शिरतो म्हणून त्याला घाबरायचं कारण नाही.

आपल्या शहरांत काही जण परदेशी अजगर किंवा कॉर्न स्नेक पाळतात. हे साप विषारी नाहीत. असे प्राणी घरी असतील तर त्यांची सरकारकडे नोंद करण्याचे नियम केंद्राने फेब्रुवारी 2024 मध्ये काढले आहेत. त्यामागे डॉक्टरांच्या दृष्टीनेही अर्थ आहे. भारतात मिळणारं प्रतिविष परदेशी विषारी सापाच्या दंशावर भरवशाचं नाही. असा साप कोणी चोरून पाळला आणि तो चावला, तर जवळच्या दवाखान्यात त्याचं औषध नसेल.

देशी साप असण्याचा फायदा

आपल्याकडे वापरलं जाणारं प्रतिविष, ज्याला डॉक्टर एएसव्ही म्हणतात आणि गावात ‘सापाची लस’ म्हणतात, ते नेमकं वरच्या चार सापांच्या विषापासून बनतं. विष अगदी थोड्या प्रमाणात घोड्याला टोचतात, घोड्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्यं वेगळी काढतात आणि ती बाटलीत भरतात. चारही सापांवर एकच इंजेक्शन चालतं. म्हणून साप मारून दवाखान्यात आणायची गरज नाही. कोणता साप चावला हे डॉक्टर लक्षणांवरून आणि एका साध्या तपासणीवरून ठरवतात. थोडं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवतात. रक्त गोठलं नाही तर घोणस किंवा फुरशाच्या विषाची शक्यता मोठी.

“एवढ्या बाटल्या कशाला?” हा नातेवाइकांचा नेहमीचा प्रश्न. हिशेब असा आहे. प्रतिविषाची 10 मिलीची एक बाटली घोणसीचं सुमारे 6 मिलिग्रॅम विष निकामी करते. घोणस एका दंशात सरासरी 60 मिलिग्रॅमच्या आसपास विष सोडते. म्हणून सुरुवातच बहुधा 8 ते 10 बाटल्यांनी होते. लहान मुलालाही मोठ्या माणसाएवढाच डोस लागतो, कारण साप माणसाचं वजन बघून विष सोडत नाही.

या इंजेक्शनला मर्यादाही आहेत. प्रतिविषासाठी लागणारं विष बऱ्याच काळापासून मुख्यतः तमिळनाडूतल्या इरुळा समाजाच्या सहकारी संस्थेकडून येतं. एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशानुसार बदलतं, असं बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या डॉ. कार्तिक सुनगर यांच्या गटाने दाखवून दिलं आहे. म्हणजे दक्षिणेतल्या सापाच्या विषापासून बनलेलं औषध दुसऱ्या भागात थोडं कमी पडू शकतं. यावर उपाय संशोधनाचा आणि प्रादेशिक प्रतिविषाचा आहे. तुमच्यासाठी निष्कर्ष मात्र बदलत नाही. आज उपलब्ध असलेलं हेच एकमेव औषध आहे आणि ते जितकं लवकर तितकं चांगलं. शरीरात फिरणारं विष ते अडवतं. विषाने एकदा केलेलं नुकसान ते उलटवू शकत नाही. मण्यारीच्या दंशात रुग्ण उशिरा आला तर इंजेक्शन देऊनही व्हेंटिलेटरची गरज पडते, ती याच कारणाने.

सरकारी पातळीवर काय बदलतं आहे?

2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख मृत्यू झाले, म्हणजे वर्षाला सरासरी 58,000, असा अंदाज 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने मांडला. त्यातले जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले, आणि तीन चतुर्थांशांहून अधिक रुग्णालयाबाहेर झालेले. रुग्णालयाबाहेरचा मृत्यू सरकारी वहीत येत नाही. तो आला नाही की त्या तालुक्याला किती बाटल्या लागतात हे कळत नाही. बाटल्या कमी येतात, पुढचा रुग्ण परत पाठवला जातो, आणि लोकांचा दवाखान्यावरचा विश्वास उडून ते पुन्हा मांत्रिकाकडे वळतात.

हे चक्र तोडण्यासाठी केंद्र सरकारने मार्च 2024 मध्ये सर्पदंशाबाबतचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. 2030 पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणणं हे त्याचं उद्दिष्ट. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने सर्व राज्यांना सर्पदंश हा ‘नोंद बंधनकारक’ आजार करावा असं सांगितलं. याचा अर्थ सरकारी असो वा खासगी, प्रत्येक दवाखान्याने प्रत्येक सर्पदंशाची आणि मृत्यूची माहिती कळवायची. शेजारच्या कर्नाटकने हे 2024 च्या सुरुवातीलाच केलं.

आपल्या दोन जिल्ह्यांसाठी हा मुद्दा कागदी नाही. देगलूर, उदगीर भागातले अनेक रुग्ण उपचाराला बीदरला जातात. बिलोली, धर्माबादकडचे तेलंगणात जातात. अशा रुग्णाची नोंद झाली तरी ती शेजारच्या राज्यात होते. किनवट-माहूरच्या डोंगराळ भागातला रुग्ण वाटेतच दगावला तर कुठेच होत नाही. म्हणून घरात असं काही घडलं तर नोंदीचा आग्रह धरा. केस पेपरवर ‘सर्पदंश’ असं स्पष्ट लिहिलेलं असावं, डिस्चार्ज कार्ड जपून ठेवावं.

याचा आर्थिक भागही आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशाने मृत्यू झाल्यास शेतकरी कुटुंबाला 2 लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे करायचा असतो. त्यासाठी वैद्यकीय कागद लागतात, आणि दुःखाच्या घाईत नेमके तेच राहून जातात. या योजनेतली एक उणीव लक्षात घेण्यासारखी आहे. लाभ सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्याला मिळतो. दुसऱ्याच्या रानात सोयाबीन काढणारी, ऊस तोडणारी भूमिहीन मजूर बाई सापाच्या सर्वांत जवळ असते, आणि या योजनेत तिला जागा नाही.

रात्रीचं पाणी आणि सर्पदंश

रब्बीत शेतीपंपाची वीज अनेक फीडरवर रात्री येते. हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला माणूस अंधारात, ओल्या बांधावरून, बऱ्याचदा साध्या चपलेवर फिरतो. ज्या तासांना घोणस आणि मण्यार शिकारीला निघतात, तेच हे तास. स्टार्टरच्या पेटीत उबेसाठी साप बसलेला असतो आणि हात थेट आत जातो. दिवसा वीज देण्यासाठी राज्याने 2023 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा सुरू केला. ती ऊर्जा खात्याची योजना असली तरी डॉक्टर म्हणून मी तिच्याकडे सर्पदंश रोखण्याचा उपाय म्हणूनही पाहतो. ग्रामसभेत दिवसाच्या विजेची मागणी करताना हा मुद्दा जरूर मांडा.

तोपर्यंत आपल्या हातात असलेल्या गोष्टी:

• रात्री शेतात जाताना बॅटरी आणि गुडघ्याखालपर्यंतचे गमबूट. बहुतेक दंश पायाला होतात.
• स्टार्टरची पेटी काठीने उघडा, आधी उजेड टाका, मग हात घाला.
• आखाड्यावर जागलीला झोपताना खाट किंवा बाज वापरा, मच्छरदाणी गादीखाली सगळीकडून खोचा. मण्यारीपासून वाचण्याचा हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.
• बनीम, गंजी, तुराट्या, पऱ्हाट्या हलवताना आधी काठीने आवाज करा. हाताने थेट उचलू नका.
• घराला लागून सरपण, गोवऱ्या रचू नका. उंदीर आवरा, साप आपोआप कमी येतील.
• घरात साप निघाला तर मारायला जाऊ नका. लांबून नजर ठेवा आणि सर्पमित्राला किंवा वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. अनेक दंश साप मारताना किंवा धरताना होतात.

‘पान लागलं’ तर काय करायचं?

1. रुग्णाला धीर द्या. सगळे साप विषारी नसतात, आणि विषारी सापही काही वेळा विष न सोडता चावतो.
2. जोडवी, पैंजण, अंगठी, कडं, घट्ट कपडे लगेच काढा. सूज आल्यावर ते निघत नाहीत.
3. चावलेला हात-पाय मोडलेल्या हाडासारखा फळीला किंवा काठीला सैल बांधून स्थिर ठेवा. रुग्णाला चालवू नका.
4. 108 ला फोन करा. गाडीला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा. दुचाकी असेल तर रुग्णाला मध्ये बसवून मागे एकाने धरून बसा.
5. निघताना फोन करून जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर आणि प्रतिविष आहे का, ते विचारा. दूरच्या मोठ्या दवाखान्याकडे धावण्यापेक्षा पहिला डोस जवळ घेणं बहुतेक वेळा चांगलं. पुढे गरज पडल्यास नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे.
6. किती वाजता चावला आणि लक्षणं कोणत्या क्रमाने आली, हे लक्षात ठेवा. लांबून सहज फोटो मिळाला तर ठीक, त्यासाठी सापामागे जाऊ नका.

करू नका: दोरीने आवळणं, ब्लेडने कापणं, रक्त चोखणं, बर्फ लावणं, जडीबुटी पाजणं. मारुतीच्या देवळात बसवून कडुलिंबाचा पाला कडू लागतो का ते पाहणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे. पाला कडू लागला म्हणजे विष नाही, असं मुळीच नाही. देवाला हात गाडीतून जोडा, वाट दवाखान्याची धरा.

दवाखान्यात गेल्यावर

लक्षणं नसली तरी किमान 24 तास देखरेखीखाली राहावं लागतं. विषाची चिन्हं नसताना प्रतिविष देत नाहीत, कारण त्याचीही अॅलर्जी येऊ शकते. “इंजेक्शन दिलंच नाही” म्हणून रुग्णाला उठवून दुसरीकडे नेऊ नका. इंजेक्शन सुरू झाल्यावर थंडी वाजणं, अंगावर गांधी उठणं, धाप लागणं असं काही झालं तर लगेच सांगा. त्यावर औषधं तयार असतात.

घरी आल्यावर तीन गोष्टींवर लक्ष ठेवा. लघवी कमी होणं किंवा लाल होणं हे मूत्रपिंडाचं लक्षण असू शकतं, त्याच दिवशी दवाखान्यात या. जखम काळी पडत असेल, पू येत असेल तर दाखवा. आणि एक-दोन आठवड्यांनी ताप, सांधेदुखी, अंगावर पुरळ आलं तर ती प्रतिविषाची उशिरा येणारी प्रतिक्रिया असू शकते, ती औषधाने बरी होते.

आज घरी बसून एक काम करता येईल. तुमच्या गावापासून जवळच्या दोन सरकारी दवाखान्यांत प्रतिविष आणि रात्रीचे डॉक्टर असतात का, याची चौकशी करा आणि ते दोन फोन नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये ठेवा. आखाड्यावर झोपणाऱ्या माणसाच्या मोबाइलमध्ये तर आधी.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. सर्पदंशाची शंका असल्यास वाचत बसू नका, तातडीने दवाखान्यात जा.